खर्चाला मर्यादा, देणगीला मोकळीक



विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराने किती खर्च करावा, हे आपल्याकडे कायदा ठरवतो. महाराष्ट्रात ही मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे, गोव्यात २८ लाख. त्या उमेदवाराला किंवा त्याच्या पक्षाला एखाद्या माणसाने किती पैसे द्यावेत, हे मात्र कायदा ठरवत नाही. चाळीस हजार द्या, नाहीतर चाळीस कोटी द्या. रक्कम बँकेतून गेली आणि हिशेबात दिसली की कायद्याचे समाधान होते. जाणारा पैसा मोजायचा आणि येणाऱ्या पैशाकडे काणाडोळा करायचा, ही आपली जुनी रीत आहे. ती उलटी आहे असे माझे मत आहे. राज्याच्या निवडणुकांपुरती ती सुलटी कशी करता येईल, याचा विचार आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

हे व्याख्यान कोणा एका पक्षाविरुद्ध नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. ज्या नियमांबद्दल मी बोलणार आहे ते काँग्रेसच्या राजवटीत वाकवले गेले आणि भाजपच्या राजवटीतही. सत्तेबाहेर असताना प्रत्येकाला या नियमांची आठवण होते आणि सत्तेवर बसल्यावर विसर पडतो. त्यामुळे हा विषय पक्षांवर सोपवून चालणार नाही, तो मतदारांनीच लावून धरला पाहिजे.

वडापाव मोजणारा कायदा

निवडणूक जाहीर झाली की जिल्हा निवडणूक अधिकारी एक दरपत्रक काढतात. चहा किती रुपयांचा, वडापाव कितीचा, खुर्चीचे भाडे, मंडपाचा दर, ढोलताशा, उपरणी, जीप, सगळे त्यात असते. उमेदवार म्हणाला, ‘मंडप मित्राने फुकट घातला,’ तरी त्या दराने मंडपाचा खर्च त्याच्या नावावर चढतो. खर्च निरीक्षक येतात, व्हिडिओ पथके फिरतात, भरारी पथके गाड्या तपासतात आणि प्रशासन आपली स्वतंत्र शॅडो नोंदवही ठेवते. उमेदवाराला अर्ज भरण्याआधी वेगळे बँक खाते उघडावे लागते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो आणि तो न केल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १० अ नुसार तीन वर्षांची अपात्रता ओढवू शकते. या यंत्रणेला हसण्याचे कारण नाही. कनिष्ठ कर्मचारी रात्ररात्र जागून हे काम करतात. प्रश्न त्यांच्या मेहनतीचा नाही, त्यांना मोजायला काय दिले आहे याचा आहे.

आता या मर्यादेचे थोडे गणित करून पाहू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदारसंघ २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी सव्वातीन लाखांहून जास्त मतदार. ४० लाखांना त्याने भागले तर मतदारामागे बारा रुपयांच्या आसपास येतात. गोव्यात २०२२ मध्ये सुमारे साडेअकरा लाख मतदार आणि ४० मतदारसंघ होते. तिथे २८ लाखांची मर्यादा मतदारामागे शंभरीच्या जवळ जाते. महाराष्ट्रात बारा रुपयांत भागते असे मानायचे, तर शेजारी गोव्यात शंभर का लागतात? याला उत्तर नाही, कारण हे आकडे कुठल्या हिशेबातून आलेलेच नाहीत. मोठ्या राज्यांसाठी एक आकडा, छोट्या राज्यांसाठी दुसरा, आणि दर काही वर्षांनी त्यांत वाढ, एवढाच त्यामागचा विचार आहे.

या मर्यादेला पहिल्यापासून तीन खिंडारे आहेत. पहिले काळाचे. कलम ७७ प्रमाणे उमेदवारी दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचाच खर्च मोजला जातो. वर्षभर आधीपासूनचे हळदीकुंकू, क्रिकेट स्पर्धा, देवदर्शनाच्या बसगाड्या, दहीहंड्या हिशेबाच्या बाहेर राहतात. दुसरे खिंडार नेत्यांच्या प्रवासाचे. मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० स्टार प्रचारकांची हेलिकॉप्टरे उमेदवाराच्या खर्चात धरली जात नाहीत. तिसरे सर्वांत मोठे: पक्षाने सर्वसाधारण प्रचारासाठी केलेल्या खर्चाला मर्यादाच नाही. निवडणुकीनंतर ७५ दिवसांत पक्षाने आयोगाला हिशेब द्यायचा, की संपले.

सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट शब्दांत लिहिले, ते आपल्याच एका खटल्यात. १९९१ च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीवरून यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यात जो गाजलेला खटला झाला, त्याच्या निकालात न्यायालयाने म्हटले की, पक्षाचा व इतरांचा खर्च बाहेर ठेवून फक्त उमेदवारावर घातलेली मर्यादा ही निव्वळ धूळफेक आहे. पुढे २०१३ च्या जूनमध्ये गोपीनाथ मुंडे एका जाहीर कार्यक्रमात सांगून गेले की, २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्याला आठ कोटी रुपये खर्च आला. तेव्हाची कायदेशीर मर्यादा २५ लाखांची होती. आयोगाने नोटीस काढली, त्यांनी खुलासा केला आणि प्रकरण अपात्रतेपर्यंत गेले नाही. मुंडे जे बोलले त्याचे राज्यात कोणाला आश्चर्य वाटले नाही. त्यांनी ते उघडपणे बोलून दाखवले, याचेच आश्चर्य वाटले.

इथवर कसे आलो

उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घालण्याची कल्पना आपण ब्रिटनकडून घेतली. तिथे १८८३ च्या कायद्याने ती आली. त्या काळी निवडणूक म्हणजे मतदारसंघातला एक सधन गृहस्थ आणि त्याची थैली. थैलीचे तोंड बांधले की काम भागत होते. १९५१ साली आपण लोकप्रतिनिधित्व कायदा केला तेव्हा हीच चौकट उचलली. पण विसाव्या शतकातली निवडणूक उमेदवाराच्या थैलीवर चालणार नव्हती, ती पक्षाच्या तिजोरीवर चालणार होती आणि ती तिजोरी भरणारे हात तिसरेच असणार होते.

हे धोक्याचे वळण पहिल्यांदा ओळखले ते मुंबईत. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या मेमोरँडममध्ये बदल करण्याची परवानगी मागितली. एका भागधारकाने विरोध केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आले. कायद्यात बंदी नव्हती, म्हणून छागलांनी परवानगी दिली. पण देताना त्यांनी संसदेला बजावले की, ही प्रथा वाढली तर ती या देशातल्या कोवळ्या लोकशाहीचा गळा घोटू शकेल. ज्या न्यायाधीशाला कायद्यापुढे हात बांधलेले दिसत होते, त्याने निदान धोक्याची घंटा वाजवली.

संसदेने ती ऐकली, पण आपल्या सोयीने. १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांना मर्यादा आली: २५ हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यांपैकी जे जास्त ते. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घातली. बंदी घातली, पण पक्षांनी पैसा दुसरीकडून कुठून आणायचा याची काहीच सोय केली नाही. निवडणुकांचा खर्च वाढत होता, धनादेश बंद झाले होते. मग जे व्हायचे तेच झाले. पैसा बॅगांमधून फिरू लागला. परवाने आणि कोट्यांच्या त्या काळात बॅगेच्या बदल्यात द्यायला सरकारजवळ पुष्कळ काही होते.

१९७४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका निवडणूक खटल्यात, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या प्रकरणात, निकाल दिला: उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही उमेदवाराचाच धरला पाहिजे. न्यायमूर्ती भगवतींचा मुद्दा असा होता की, मर्यादा असते ती गरीब माणसालाही उभे राहता यावे म्हणून आणि मोठ्या पैशाची पकड ढिली व्हावी म्हणून. हा निकाल फार काळ टिकू दिला नाही. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि पक्षाचा व मित्रमंडळींचा खर्च मर्यादेबाहेर काढला गेला. मित्रांबद्दलची ती तरतूद जायला २००३ साल उजाडले.

मधल्या काळात, १९८५ मध्ये, कंपन्यांवरची बंदी उठली आणि पाच टक्क्यांची मर्यादा आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ती साडेसात टक्के केली. २००३ च्या दुरुस्तीने २० हजारांवरच्या देणगीदारांची नावे आयोगाला कळवणे पक्षांना बंधनकारक केले, हे चांगले झाले. पण त्याच दुरुस्तीतल्या कलम २९ ब ने पक्षांना ‘कितीही रकमेची’ देणगी घेण्याची मुभा दिली. हे दोन शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

२०१७ मध्ये साडेसात टक्क्यांची अट काढली गेली आणि २ जानेवारी २०१८ रोजी निवडणूक रोखे आले. रोखे विकत घेणाऱ्याचे नाव बँकेला ठाऊक, मतदाराला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नियम बदलून, विधानसभा निवडणुकांच्या वर्षी रोखे विक्रीसाठी आणखी १५ दिवस वाढवून दिले गेले. राज्यांच्या निवडणुकांसाठी पैशाचा खास हंगाम सरकारनेच जाहीर केला होता. ३० टप्प्यांत मिळून साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले, आणि त्या रकमेतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एक कोटीच्या रोख्यांचा होता. एक हजाराचाही रोखा उपलब्ध होता, पण हजार रुपये देणारा सामान्य माणूस त्या काउंटरकडे जवळजवळ फिरकलाच नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने ही योजना रद्द केली आणि साडेसात टक्क्यांची अट काढण्याची दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. कंपनीची देणगी म्हणजे मुळात मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला व्यवहार असतो, ती आणि नागरिकाची देणगी यांना एका मापाने मोजता येत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे.

निकाल मोठा आहे. पण त्याने गुप्तता घालवली, रक्कम आवरली नाही. साडेसात टक्के ही प्रमाणाची मर्यादा आहे. ज्या कंपनीचा सरासरी नफा हजार कोटी, ती आजही वर्षाला ७५ कोटी देऊ शकते. आणि व्यक्तीला तर कसलीच मर्यादा नाही. नळ उघडा ठेवून मोरीला बोळा घालण्याचा हा प्रकार आहे. पाणी अंगणात येणारच.

राज्याच्या निवडणुकीचाच विचार का

कोणी विचारील, पैशाचा प्रश्न देशभराचा आहे, मग राज्यावरच बोट का? कारण राज्य सरकारची सही रोजच्या व्यवहारात सर्वांत महाग असते. शेतजमिनीचे निवासी झोनमध्ये रूपांतर, चटईक्षेत्र निर्देशांक, झोपडपट्टी पुनर्वसनाची संमती, वाळूघाटांचे लिलाव, खाणपट्टे, दारूचे परवाने, साखर कारखान्यांना थकहमी, खासगी महाविद्यालयांच्या मान्यता, रस्त्यांची आणि जलसिंचनाची कंत्राटे, हे सारे मुंबईतल्या मंत्रालयात किंवा पर्वरीतल्या सचिवालयात ठरते. नकाशावरच्या एका रंगाच्या फरकाने जमिनीचे मोल दहापट होते. अशा ठिकाणी दिलेल्या देणगीवर मिळणारा परतावा कुठल्याही शेअरबाजारात मिळणार नाही.

महाराष्ट्राने हे उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानला बिल्डरांनी दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेला सिमेंटचा कोटा यांची सांगड अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये मांडली. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी ती सांगड मान्य केली आणि अंतुल्यांना पायउतार व्हावे लागले. त्या देणग्या एका ट्रस्टला होत्या, निवडणूक निधीला नव्हत्या. पण देणगी आणि सरकारी मेहेरबानी यांचे नाते कसे असते, ते या राज्याने त्याहून स्पष्ट कधी पाहिले नसेल. सिमेंटचा कोटा आता राहिला नाही. चटईक्षेत्र राहिले आहे.

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, आणि घरात तो सद्गुणच आहे. मंत्र्याच्या खुर्चीत बसल्यावर तोच दुर्गुण ठरतो. म्हणून मोठी देणगी घेणारा लाच खाणारा असतोच असे मी म्हणत नाही. तो बहुधा उपकार जाणणारा असतो, आणि नेमके तेवढेच पुरेसे आहे. देणगीची मर्यादा अप्रामाणिक माणसाला पकडण्यासाठी नसते, तर प्रामाणिक माणसाला ओझ्याखाली जाऊ न देण्यासाठी असते.

दुसऱ्यांचा अनुभव

अमेरिकेत आपल्या बरोबर उलट परिस्थिती आहे. १९७६ च्या बकली निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, देणगीवर मर्यादा घालता येईल, खर्चावर नाही. खर्च म्हणजे भाषणस्वातंत्र्य. तेव्हापासून तिथली राज्ये देणगीच्या मर्यादेचे नाना प्रयोग करत आली आहेत. टेक्सस, व्हर्जिनिया यांसारख्या राज्यांत व्यक्तीच्या देणगीला मर्यादाच नाही. मिसूरीने एक हजार डॉलरच्या आसपासची मर्यादा घातली आणि २००० साली न्यायालयाने ती मान्य केली. पुढे राज्याने ती उठवली आणि २०१६ मध्ये मतदारांनी सार्वमत घेऊन नवी मर्यादा परत आणली. व्हर्माँटने मर्यादा २०० ते ४०० डॉलर इतकी खाली आणली, तेव्हा २००६ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, कारण इतक्या कमी पैशांत नवख्या उमेदवाराला प्रस्थापिताशी झुंजताच येणार नाही. गव्हर्नर ब्लागोयेविच यांच्या अटकेनंतर २००९ मध्ये इलिनॉयने मर्यादा घातल्या, पण एक अट ठेवली: उमेदवाराने स्वतःचा मोठा पैसा ओतला की सगळ्यांच्याच मर्यादा उठतील. २०१८ मध्ये दोन धनाढ्य उमेदवार समोरासमोर आले आणि मर्यादा कागदावर राहिली.

आपल्याला जास्त उपयोगी उदाहरण आहे कॅनडातल्या क्विबेक प्रांताचे. १९७७ मध्ये रने लेवेक यांच्या सरकारने कायदा केला: देणगी फक्त मतदार देईल. कंपनी देणार नाही, कामगार संघटनाही देणार नाही. वर्षाला कमाल तीन हजार डॉलर. साध्या माणसांच्या पैशावर पक्ष चालावा, ही त्यामागची कल्पना होती. पुढे काय झाले? अभियांत्रिकी आणि बांधकाम कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या नावाने देणग्या द्यायला सुरुवात केली. धनादेश कर्मचाऱ्याचा, पैसा कंपनीचा. २०११ मध्ये नेमलेल्या शार्बोनो आयोगापुढे हे सगळे साक्षी-पुराव्यांनिशी बाहेर आले. तेव्हा कायदा निरुपयोगी ठरला म्हणून तो मोडीत काढला नाही. मर्यादा आणखी खाली आणली. २०१३ मध्ये क्विबेकने ती एका मतदाराकडून एका पक्षाला वर्षाला १०० डॉलर एवढीच ठेवली, निवडणुकीच्या वर्षी आणखी १००. पक्षांची जी तूट पडली ती मतांच्या प्रमाणात सरकारी निधी देऊन भरली. शंभर डॉलरसाठी कोणी दुसऱ्याचे नाव उसने घेत बसत नाही, कारण उसन्या नावांची यादीच इतकी लांब होते की ती लपत नाही.

या सगळ्या अनुभवांतून आपल्याला चार धडे मिळतात. मर्यादा फार खाली नको. ती रुपयांत हवी, टक्क्यांत नको. उमेदवाराच्या स्वतःच्या पैशाचा बंदोबस्त हवा. आपल्याकडे खर्चमर्यादा असल्याने तो निम्मा झालाच आहे. आणि एक दार बंद करताना दुसरे उघडले पाहिजे, नाहीतर १९६९ ची पुनरावृत्ती होते.

आक्षेप

‘मर्यादा घातली की काळा पैसा वाढेल’, हा सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो इतिहासावर आधारलेला आहे. पण १९६९ मध्ये जी झाली ती बंदी होती, मर्यादा नव्हे. आणि पर्यायाशिवाय झाली होती. शिवाय मर्यादा नसताना काळा पैसा कमी झाला, असा कोणाचा दावा आहे का? दर निवडणुकीत नाक्यांवर रोकड जप्त होतेच.

दुसरा आक्षेप: सरकारी तिजोरीतून पक्षांना पैसा का द्यावा? १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने वस्तुरूपाने सरकारी मदत सुचवली तेव्हाही हाच प्रश्न आला. माझे उत्तर असे की, तिजोरी आजही देतच आहे. राजकीय देणगीवर जुन्या करपद्धतीत शंभर टक्के वजावट आहे. तीस टक्के कर भरणाऱ्याने एक कोटी दिले की सुमारे तीस लाखांचा कर वाचतो, म्हणजे तेवढे पैसे तुमच्याआमच्या तिजोरीने दिले. शंभर रुपये देणारा शेतमजूर आयकर भरत नाही, त्याच्या शंभरात तिजोरीचा एक पैसाही पडत नाही. सरकारी निधी आहे, तो फक्त श्रीमंताच्या पसंतीच्या पक्षाला मिळतो.

तिसरा आक्षेप, आपल्याकडे छोटे देणगीदार आहेतच कुठे? हे ऐकून मला नवल वाटते. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना निघाला. अलीकडे शिरोळ-हातकणंगलेच्या ऊसपट्ट्यात राजू शेट्टी यांनी ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत शेतकऱ्यांच्या वर्गणीवर निवडणुका लढवल्या आणि जिंकल्याही. गणपतीची, उरुसाची, शाळेच्या खोलीची वर्गणी देणारा हा समाज आहे. पक्षांनी त्याच्याकडे मागणेच सोडून दिले, कारण एका फोनवर कोटी येत असताना दारोदार पावतीपुस्तक घेऊन कोण हिंडणार?

काय करता येईल

माझ्या सूचना पाच आहेत. आकड्यांवर वाद होऊ शकतो, तो जरूर व्हावा.

एक. व्यक्तीने एका पक्षाला व त्याच्या सर्व उमेदवारांना मिळून वर्षाला एक लाखापेक्षा जास्त देऊ नये. देणगी पॅन किंवा मतदार ओळखपत्राशी जोडलेली असावी, म्हणजे तुकडे पाडून दिली तरी बेरीज होईल.

दोन. कंपनीची मर्यादा टक्क्यांत न ठेवता रुपयांत ठेवावी, समजा दहा लाख. निर्णय संचालक मंडळाने नव्हे तर भागधारकांच्या सर्वसाधारण सभेने घ्यावा; न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ मध्ये ही शिफारस केलेलीच आहे. आणि ज्या कंपनीजवळ राज्य सरकारचे कंत्राट, पट्टा किंवा परवाना आहे, तिला त्या राज्यात देणगीची पूर्ण मनाई असावी. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कंत्राटदारांना केंद्रीय निवडणुकांत अशी मनाई १९४० पासून आहे.

तीन. राज्याच्या निवडणुकीत पक्षाच्या खर्चालाही मर्यादा हवी, आणि मोजणी निवडणुकीआधी सहा महिन्यांपासून सुरू व्हावी.

चार. देणगीदारांची नावे मतदानाआधी जाहीर व्हावीत. आज वार्षिक अहवाल येतात ते आर्थिक वर्ष संपल्यावर. तोवर नवे मंत्रिमंडळ स्थिरस्थावर झालेले असते.

पाच. वजावट बंद करावी आणि तो पैसा छोट्या देणग्यांकडे वळवावा. पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रत्येक देणगीत सरकारने तेवढीच भर घालावी.

हे करणार कोण? पक्षांच्या देणग्यांबाबत संसदेने ‘कितीही रकमेची’ असे म्हणून ठेवले आहे. ते दोन शब्द संसदेलाच खोडावे लागतील. उमेदवाराला थेट मिळणाऱ्या देणगीबाबत मात्र संसदेचा कायदा मर्यादा सांगत नाही, आणि जिथे संसदेने तरतूद केलेली नाही तिथे विधानसभेच्या निवडणुकीबाबत कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२८ ने राज्याला दिला आहे. त्यावर न्यायालयात वाद होईल, होऊ द्या. त्याहूनही सोपी वाट जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि महापालिकांची आहे. त्या निवडणुकांचा कायदा राज्य विधिमंडळच करते. उमेदवाराच्या देणगीची मर्यादा तिथून सुरू करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. ज्या राज्याने रोजगार हमीचा आणि माहिती अधिकाराचा कायदा देशाच्या आधी केला, त्याला हे अवघड नाही.

विधिमंडळ आपण होऊन हे करणार नाही, हे मला कळते. माहिती अधिकारही आपण होऊन आला नव्हता. म्हणून शेवटचे सांगणे तुम्हालाच आहे. उमेदवार दारात आला की रस्ता आणि पाण्याबरोबर एक प्रश्न आणखी विचारा: तुमचे सर्वांत मोठे दहा देणगीदार कोण, आणि त्यांचे सरकारकडे काय काम आहे? उत्तर मिळाले नाही तर निकालानंतर महिन्याने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा. तुमच्या आमदाराचा निवडणूक हिशेब तिथे असतो. निवडणूक नियमांनुसार तो कोणाही माणसाला पाहता येतो, आणि त्यासाठी नियमाने ठरवलेली फी आहे एक रुपया.